छाती तेवढी आपली

आमच्या मंगळवार पेठेत विम्याच्या एजंटांना लोक टाळत, कारण ते विमा घ्या म्हणून मागे लागत. पण त्यांतल्या एका गृहस्थांना टाळण्याचं कारण वेगळं होतं. हे विमा विकायला यायचे आणि गिऱ्हाईक तयार झालं, की त्याला विचारात पाडून निघून जायचे.

गुळाच्या एका अडत्यानं एकदा आपण होऊन त्यांना पेढीवर बोलावलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात इतिहास शिकवायचे. ते तेव्हा काही कामानं पेढीवर बसले होते, म्हणून पुढची हकिगत आमच्या घरी कितीदा तरी सांगून झाली. अडत्या म्हणाला, "चांगला दांडगा विमा उतरवा माझा. माझ्या माघारी पोरांनी नाव काढलं पाहिजे."

एजंट पेढीच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "माघारचं मागनं बगू. आदी मला सांगा, मरायच्या आदी तुमी किती दीस पडून ऱ्हानार?"

"अहो, शुभ बोला की जरा!"

"शुभच बोलालोय. मरायला काय लागतंय? आजारी पडायला पैसा लागतोय. त्या दुखण्याचा विमा आमच्याकडं असता, तर मी तुमच्या दारात धरणं धरून बसलो असतो. तसला विमा न्हाय. तवा ह्यो निम्म्याचाच घ्या, आन् निम्मं घरात बाजूला ठेवा, दवाखान्याला."

अडत्यानं त्याच आठवड्यात दुसऱ्या एजंटाकडून पाहिजे तेवढा विमा उतरवला. कंपनीकडून यांना खरमरीत पत्र आलं. ते पत्र त्यांनी खिशात घालून पेठभर फिरवलं आणि ज्याला त्याला वाचून दाखवलं. "मेल्यावर देनारे सतरा हाईत, जित्तेपणी देनारा एकबी न्हाय," हे त्यांचं वाक्य पेठेतल्या पोराटोरांनासुद्धा पाठ होतं.

आम्ही त्यांना काका म्हणत असू. मूळचे गडमुडशिंगीचे. शेती भावाकडे सोपवून मॅट्रिकसाठी कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नव्हतं. उंच, वाळके, डोक्यावर काळी टोपी, आणि कोटाच्या वरच्या खिशात पेन असावं तिथं पत्र्याच्या नळीतला थर्मामीटर. बोलणं असं, की बोळाच्या त्या टोकाला ऐकू जावं. कुणाच्याही घरात ते पाऊल टाकत नसत, बाहेर पायरीवर बसत. आईनं एकदा त्यांना विचारलं, "आत का येत नाही हो तुम्ही?" तर म्हणाले, "आत गेलं की चहा येतोय, वैनी. चहा पिला की खरं बोलता येत न्हाय."

मात्र घरात कुणी आजारी असलं, की ते न विचारता आत यायचे. चपला दाराशी, टोपी मांडीवर, आणि बिछान्याशेजारी भिंतीला टेकून बसायचे. 'कसं वाटतंय' म्हणून विचारायचे नाहीत, काढे सुचवायचे नाहीत, कुणाच्या मेव्हण्याला असंच झालं होतं हेही सांगायचे नाहीत. तास-दोन तास बसायचे आणि उठून जायचे. बायकांना आधी ते चमत्कारिक वाटे. मग लक्षात येई, की तेवढ्या वेळात आपलं स्वयंपाकपाणी उरकतं.

मी चौदाची असताना माझ्या छातीत पाणी झालं. त्या काळी या दुखण्याचं नाव घराबाहेर काढत नसत. क्षय म्हटलं की लोक दारावरनं जाताना नाकाला पदर लावायचे, आणि मुलीच्या बाबतीत तर तिचं लग्नच संपलं. आईनं बाहेर सांगितलं, पोरगी सांगलीला मामाकडं गेलीय. मी मधल्या खोलीत खिडकी लावून पडून होते. काकांना कसं कळलं कोण जाणे. मला वाटतं, डॉक्टरांची सायकल आमच्या दाराशी वरचेवर दिसत होती त्यावरून. एके दिवशी सकाळी ते सरळ आत आले आणि भिंतीला टेकून बसले. आई दारात थिजून उभी राहिली. ते तिला एवढंच म्हणाले, "सांगलीला गेलीया ती. म्हाईत हाय मला."

नंतर ते रोज येऊ लागले. मला बोलायला बंदी होती आणि डोळ्यांवर ताण नको म्हणून वाचायलाही. मग ते वाचून दाखवू लागले. त्यांच्याजवळ वाचण्यासारखं एकच होतं, विमा पॉलिसीची कलमं. "विमेदार विमानातून पडून, घोड्यांच्या शर्यतीत पडून, अगर दंग्यात सापडून मयत झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही," असं ते कीर्तनकाराच्या सुरात वाचायचे आणि वर म्हणायचे, "तवा घोड्यावर बसू नगंस." कित्येक आठवड्यांनी त्या खोलीत मी हसले ती अशी. छातीत कळ येईपर्यंत हसले. मी बरी झाले, शाळेत जाऊ लागले. काकांनी त्या दिवसांबद्दल बाहेर अवाक्षर काढलं नाही.

त्या दुखण्यानं माझं एक झालं. मला डॉक्टर व्हायचं होतं.

इंटर झाल्यावर पुण्या-मुंबईला जागा मिळाली नाही. अण्णांचा एक जुना विद्यार्थी जर्मनीत कारखान्यात होता. त्यानं कळवलं, की इथल्या विद्यापीठात वैद्यकीला परदेशी मुलं घेतात, फी जवळजवळ नाहीच, भाषा तेवढी यायला हवी. बोटीच्या तिकिटाचं मामानं पत्करलं. राहता राहिली भाषा. लढाईच्या वेळी वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. छावणी उठली तेव्हा सगळे गेले, पण काहीजणी इथंच लग्न करून राहिल्या. त्यांतल्या एका बाईंकडे मी जर्मन शिकायला जाऊ लागले. गोऱ्यापान, नऊवारी नव्हे पण गोल साडी नेसणाऱ्या, आणि मराठी मंडईत शिकलेल्या. त्यामुळे कोल्हापुरातल्या बायकांसारख्याच 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. शिकवायच्या उत्तम, पण धड्याबाहेर त्या भाषेत एक शब्द बोलायच्या नाहीत.

वर्षभरानं विद्यापीठाचं पत्र आलं. जागा होती, पण एक अट होती. विद्यार्थ्याचा आजारपणाचा विमा उतरवलेला पाहिजे, त्याशिवाय नाव दाखल होणार नाही. मी अण्णांना मराठी करून सांगितलं. अण्णा म्हणाले, "हे आपल्याकडचं एकाच माणसाचं खातं आहे," आणि त्यांनी काकांना बोलावणं पाठवलं.

काका पायरीवर बसले. मी ते वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचल्यावर ते उठले आणि, घरात कुणीही आजारी नसताना, आत आले.

"म्हंजे तिथं दुखण्याचा विमा हाय?"

"आहे. सक्तीचा आहे. तिथं कामगारांनासुद्धा असतो म्हणे."

"कामगाराला? पगारी मानसाला?" ते मधल्या खोलीत उभ्या उभ्या फेऱ्या घालू लागले. "मास्तर, इतकी वर्सं मी खुळा ठरलो की हो! कंपनीच्या सायबाला मी सांगायचो, असला विमा काढा. तो म्हनायचा, जगात कुटं न्हाय." त्यांचे डोळे भरून आले होते. आईनं चहा टाकला आणि तो त्यांनी प्याला.

त्या दिवसापासून माझ्या विम्याचा शोध हा त्यांचा स्वतःचा शोध झाला. ते आपल्या खर्चानं मुंबईला गेले, फोर्टातली कचेरी न् कचेरी चढले-उतरले. आपल्या कंपन्यांकडे होता तो आयुष्याचा विमा. एकीकडे बोटीवरच्या अपघाताचा होता. काका त्यांना म्हणाले, "बोटीतनं उतरल्यावर काय करायचं?" एका परदेशी कंपनीकडे आजारपणाचा विमा मिळत होता, पण त्याचा हप्ता अण्णांच्या पगाराला झेपणारा नव्हता. स्वस्तातला एकच होता. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेला त्यांचा स्वतःचा आजार-निधी. पण तो फक्त नाव दाखल झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे विमा असल्याशिवाय नाव नाही, आणि नाव असल्याशिवाय विमा नाही.

"हे म्हंजे पवायला आल्याबिगर पान्यात उतरू नगंस, तसलं झालं," काका म्हणाले. "आपन निधीवाल्यांनाच इचारू. मानसंच असतील की ती."

पत्र जर्मनमध्ये लिहायला हवं होतं आणि माझं जर्मन अजून तेवढं पक्कं नव्हतं. आम्ही दोघं बाईंकडे गेलो. काका त्यांच्याही पायरीवरच बसले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. टाक दौतीत बुडवला, पण कागदावर टेकवला नाही.

"का हो, बाई?" काकांनी विचारलं.

"ह्या भाषेत मी आजवर नुसतं हुकूम ऐकल्यात," बाई म्हणाल्या. "आज पयल्यांदाच हिच्यात कायतरी मागालोय. कसं मागायचं, इचार करालोय."

त्यांनी काय लिहिलं ते मी तेव्हा पुरतं समजू शकले नाही. पण उत्तर चांगलं आलं. विशेष बाब म्हणून निधी मला आधीच दाखल करून घेईल. सोबत डॉक्टरांच्या सहीचा तक्ता हवा आणि आजवर झालेले गंभीर आजार त्यात नमूद करावेत.

इथं सगळं अडलं.

आमचे डॉक्टर भले गृहस्थ होते. ते घरी आले, अण्णांना म्हणाले, "मुलगी आता ठणठणीत आहे. गंभीर आजार नाही, असं लिहून टाकतो. कुणाला काय कळतंय?" आईनं सुटकेचा निःश्वास सोडला. काका दारात होते.

"डॉक्टर, सही तुमची हाय, तुमी बगा," ते म्हणाले. "पर पोरगी तितं थंडीत पडली, आन् तितल्या डॉक्टरानं छातीचा फोटो काडला, तर जुना डाग दिसंल का न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, "दिसेल."

"मग ते म्हनतील, खोटं लिवून आत आली. इमाबी गेला आन् शिक्षानबी. खोटं सांगून घेतल्याला इमा म्हंजे कागदाची छत्री. ऊन हाय तवर झ्याक दिसतीया."

आई एरवी त्यांच्याशी वर मान करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "तुम्हाला काय जातंय म्हणायला? तुमच्या घरात लग्नाची मुलगी नाही. इतकी वर्षं मी तोंडाला कुलूप घालून राहिले, ते काय असं कागदावर मांडायला? उद्या गावात षट्कर्णी झालं तर तिला कोण पदरात घेणार, तुम्ही?"

 काका खाली बघत म्हणाले, "व्हय वैनी. माझं काय जात न्हाय." मग माझ्याकडे वळले. "जानार तू हाईस. तू सांग."

तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मला आईचा चेहरा दिसत होता आणि भीती वाटत होती. खरं लिहिलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर सगळंच संपणार होतं. पण उद्या रोग्यांना 'खरं सांगा' म्हणायचं आणि आपण असं निघायचं, हे काही घशाखाली उतरेना. मी म्हणाले, "खरं लिहा, डॉक्टर."

आई उठून आत गेली. पुढं कितीतरी दिवस ती काकांशी बोलली नाही. ते पायरीवर दिसले, की पदर सावरून मागच्या दारानं जाई.

उत्तर यायला फार दिवस लागले. आलं तेव्हा ते घेऊन आम्ही बाईंकडे पळालो. बाईंनी एकदा मनाशी वाचलं आणि मग सांगितलं, "घेतो म्हनतात. हात, पाय, पोट, डोळं, डोस्कं, समदं घेतो. फकस्त छाती घेत न्हाईत. पयली दोन वर्सं छातीचं काय झालं, तर त्यांची जबाबदारी न्हाय."

 ज्याची भीती तेच नेमकं बाहेर ठेवलं होतं. काका मात्र मांडीवर थाप मारून हसले.

"मग झालं की! समदं त्यांचं, छाती तेवढी आपली. तिचा इमा आपन उतरवू."

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं.

"पेठ," ते म्हणाले.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते पुढच्या रविवारी कळलं. सकाळी तालमीच्या कट्ट्यावर त्यांनी लोक जमवले. पुरुष कट्ट्यावर, बायका समोरच्या ओट्यावर. कल्पना साधी होती. प्रत्येक घरानं महिन्याला थोडी वर्गणी टाकायची, आणि पेठेतलं कुणीही, कुठंही आजारी पडलं तर त्यातून त्याचं औषधपाणी चालवायचं. "जर्मनीतली शिकल्याली पोरं करत्यात. आमाला काय धाड भरलीया?" एकच नियम त्यांनी ठेवला होता. सामील होणाऱ्यानं आपल्या घरातली दुखणी सगळ्यांदेखत सांगायची. "लपवून ठेवल्यालं दुखनं मंडळ घेनार न्हाय. सांगितल्यालं समदं घेनार."

आणि तिथंच गाडी थांबली. वर्गणीला कुणाची ना नव्हती, पण दुखणं सांगायचं म्हटल्यावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडं कुणाला काय न्हाय बुवा." दुसराही तेच म्हणाला. "असली चव्हाट्यावरची भानगड नको," म्हणत दोघेतिघे उठायला लागले.

काका उभे होते. सांगण्यासारखं त्यांच्यापाशी एकच होतं, माझं. ज्या पोरीसाठी हे सगळं काढलं, तिचं नाव घेतलं असतं तर माणसं थांबली असती. त्यांनी तोंड उघडलं, ओट्याकडे नजर टाकली आणि पुन्हा मिटलं. टोपी काढून हातात धरली आणि तसेच उभे राहिले. मी आईशेजारी बसले होते. अण्णांनी आग्रह केला म्हणून ती आली होती, अंग चोरून. तिची नजर काकांवर होती.

मग ती उठली. चारचौघांत उभं राहून ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती. ओट्याच्या खांबाला धरून म्हणाली, "माझ्या मुलीच्या छातीत पाणी झालं होतं. ती सांगलीला गेली नव्हती. घरातच होती. आम्ही लपवलं. आता ती परमुलखात चाललीय. तिकडं पुन्हा काही झालं तर तिला आपलं कुणी नाही."  "आमचं नाव पहिलं घ्या," एवढं म्हणून ती खाली बसली. 

 मग तालमीचे वस्ताद, मांडीएवढे दंड असलेला माणूस, खाकरून म्हणाले, "लिवा. मला मूळव्याध हाय." आणि कट्ट्यावर असा हशा पिकला, की कबुतरं उडाली. त्यानंतर काकांना 'एकेकानं बोला' म्हणून ओरडावं लागलं. कुणाच्या मुलाला फेपरं होतं, कुणाच्या सुनेला रातांधळेपणा, एकाला तर भाकरी गिळतानाच भीती वाटायची. वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसांना एकमेकांची दुखणी त्या सकाळी कळली. पेठेनं त्याला 'दुखणे मंडळ' असं नाव ठेवलं आणि तेच रूढ झालं.

त्या सकाळच्या सभेपायी माझी दोन स्थळं परत गेली. आईनं ते मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मी गेले. पहिल्याच थंडीत माझं पोट दुखू लागलं आणि ॲपेंडिक्स काढावं लागलं. म्हणजे मी आजारी पडले ती नेमकी निधीच्या हद्दीत. काकांनी निघतानाच बजावलं होतं, की इस्पितळात गेलीस तर सगळं बघून कळव. मी बिछान्यात पडल्या पडल्या त्यांना लिहिलं. खोलीत आम्ही सहाजणी आहोत. एक प्राध्यापकाची मुलगी आहे, एक कपडे धुणारी आहे, दोघींना सूप एकाच भांड्यातलं मिळतं. घरी जाताना मी बिल मागितलं, तर कारकून बाई माझ्याकडे बघतच राहिली. उलट टपाली काकांचं पत्र आलं. मोठ्या अक्षरात एकच प्रश्न होता. 'मग बिल कोणी दिले?' मी लिहिलं, सगळ्यांनी. अण्णांनी कळवलं, की ते पत्र घेऊन काका पेठेतल्या प्रत्येक पायरीवर बसले आणि या वेळी त्यांना कुणी टाळलं नाही.

छातीनं मला त्रास दिला नाही, दोन्ही वर्षं नाही आणि नंतरही नाही. मंडळाची मदत मला लागली नाही. ती लागली धोब्याच्या मुलाला विषमज्वर झाला तेव्हा, आणि वस्तादांची बायको बाळंतपणात अडली तेव्हा. मंडळाचे पैसे आईजवळ असत. काका म्हणाले होते, "वैनींच्या तोंडाला कुलूप हाय, म्हंजे पेटीलाबी असंल." तोवर दोघं पुन्हा बोलू लागले होते.

पुढं विमा कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या. काकांनी सरकारलाही लिहिलं, की आता तरी दुखण्याचा विमा काढा. पोच आली, आणखी काही आलं नाही. मग त्यांनी एजन्सी सोडून दिली आणि मंडळाच्याच कामाला लागले.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा मी डॉक्टर होऊन परत आले. काका मला बघायला आले नाहीत, म्हणून मीच त्यांच्या खोलीवर गेले. ते उशा रचून बसल्या बसल्या झोपत होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाय सुजले होते. मी छातीला नळी लावून ऐकलं. पुस्तकात जसं लिहिलेलं असतं तसंच ते ऐकू येत होतं.

"काय म्हनतंय?" त्यांनी विचारलं.

मी नळी गुंडाळत राहिले.

"माझ्यासंगं चालढकल करू नगंस. सांग."

"हृदय थकलंय, काका. फार थकलंय. गोळ्या देते, पण बिछाना सोडायचा नाही. पडून राहिलात तर दिवस वाढतील."

त्यांनी ते ऐकून घेतलं, बाजारभाव ऐकावा तसं. मग म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. आता मला उद्या येष्टीत बसवून दे. कबनूरच्या मागवाल्यांनी बोलीवलंय. त्यांना मंडळ काढायचं हाय."

मी चिडले, भांडले. आईला बोलावून आणलं. आईनं त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तूही जा त्यांच्याबरोबर. मी भाकरी बांधून देते."

त्या हिवाळ्यात ते गेले. आई, वस्तादांची बायको आणि पोलिश बाई पाळीपाळीनं त्यांच्याजवळ बसत होत्या. गडमुडशिंगीहून आलेल्या भावानं गावी चला म्हणून विनवलं, तर म्हणाले, "इथं वर्गनी भरलीया मी." पण कबनूरचा दिवस अजून सांगायचा आहे.

कबनूरला यंत्रमागांच्या एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा होती. आमच्यासाठी त्यांनी माग बंद केले होते. सदा खडखडाट असणाऱ्या जागी आवाज थांबला, की कान दुखतात, तसं झालं होतं. जमिनीवर कामगार बसले होते, कापसाच्या तंतूंनी पापण्या पांढऱ्या झालेले. बरेचजण खोकत होते. काकांना खुर्ची दिली. ते उठायला गेले, दोन शब्द बोलले आणि त्यांना धाप लागली. आयुष्यभर गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज पहिल्या रांगेतही पोचेना. त्यांनी माझा दंड धरून मला पुढं ढकललं. "तू बोल."

मला सभेत बोलायची सवय नव्हती. मंडळाचे नियम सांगावेत म्हटलं, तर एकही आठवेना. मी म्हणाले, "मी यांची डॉक्टर आहे. यांचं हृदय थकलंय. आज इथं येऊ नका असं मी यांना सांगितलं होतं, आणि आलात तर काय होईल तेही सांगितलं होतं. ते आले."

"माझं काय सांगालीस!" मागून काका धापा टाकत ओरडले. "मंडळाचं सांग की, मंडळाचं!"

कुणी हसलं नाही. शेडच्या पार मागच्या बाजूला, मागाला टेकून बसलेला एक माणूस उठला. आधी नुसता खोकला. खोकला थांबेपर्यंत सगळे थांबले. त्याची बायको खालून त्याचं धोतर ओढत होती, बसा म्हणून. त्यानं तिचा हात हळूच सोडवला.

"बाई," तो म्हणाला, "मला सांगायचं हाय."

शेडचा मालक दारात उभा होता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे, आणि दार लोटून तोही खाली कामगारांत येऊन बसला. त्या दुपारी उन्हं कलली तरी माग सुरू झाले नव्हते.